एक ट्रॉली माती

वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी आमचं घर पुढून बघितलं, गच्चीवर जाऊन बघितलं, स्वयंपाकघरातल्या काळ्या ओट्यावर हात फिरवून बघितला. मागचं दार मात्र मी कुणाला उघडू दिलं नाही. त्या दारापुढे मी मुद्दाम तांदळाच्या गोण्या रचून ठेवल्या होत्या. एका नणंदेने विचारलंच, "मागं काय आहे गं?" मी म्हटलं, "मागं काय, मोकळी जागा." यात खोटं काहीच नव्हतं.

त्या मोकळ्या जागेत फुटक्या विटा होत्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या, वाळू चाळून उरलेले गोटे होते आणि सळयांचे गंजके तुकडे होते. गवंडी जिथे माल कालवायचे तिथे सिमेंटचा असा थर बसला होता की त्यावर पहार मारली तर पहारच माघारी यायची. आणि या सगळ्याच्या खाली होता मुरूम. बारामतीच्या कडेला जे नवीन प्लॉटिंग पडलं आहे त्यात आमचं घर. पाया भरताना मुरुमाचे डंपर आले, उरलेला मुरूम मागे पसरला गेला आणि कॉन्ट्रॅक्टर "लेव्हल करून दिलंय मॅडम" म्हणून हसत निघून गेला.

मला ती जागा हवी होती, त्याला कारण आहे. मी नर्स होते, सरकारी उपकेंद्रातली. बदली झाली की क्वार्टर बदलायचं, आणि क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पायरी. कोऱ्हाळ्याला असताना क्वार्टरच्या मागे थोडी जागा मिळाली, तिथे मी हौसेने वांगी लावली. वांग्यांना फुलं धरली आणि माझी बदलीची ऑर्डर आली. ती वांगी माझ्यानंतर आलेल्या सिस्टरने खाल्ली. चांगली होती म्हणे. तेव्हापासून मी ठरवलं होतं की स्वतःचं घर होईल तेव्हा पुढे कितीही लहान होऊ दे, मागे परस पाहिजे.

आमचे हे चित्रकलेचे मास्तर, आता निवृत्त. त्यांनी परसाचं चित्र काढलं, जलरंगात. वळणावळणाची वाट, मधे हिरवळ, कोपऱ्यात कमळाचं तळं आणि तळ्याकाठी बाकावर बसलेली पाठमोरी बाई. मी विचारलं, "ही कोण?"

"तू."

"मग धुणं कुठं वाळत घातलंय मी?"

त्यांनी मुकाट्याने तळ्यावर रंग फिरवला आणि तिथे दोरी काढली.

पहिला उन्हाळा राडारोडा उचलण्यात गेला. रोज सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही दोघं घमेली घेऊन मागे जायचो. विटांचे बरे तुकडे एका बाजूला, टाकाऊ दुसऱ्या बाजूला. बऱ्या तुकड्यांची यांनी वाट आखली आणि ती खरोखरच वळणाची केली, कारण सरळ रेषेत खणायला गेलं की तो सिमेंटचा थर आडवा यायचा. शेवटी तो थर आम्ही तसाच ठेवला आणि त्यावर धुण्याचा दगड मांडला. मोरीचं पाणी चर काढून अळवाकडे वळवलं. अळू तेवढा माजला. बाकी जे लावलं ते सगळं गेलं. कढीपत्त्याचं रोप पिवळं पडून गेलं, मोगऱ्याने एक कळी दाखवली आणि मान टाकली, आणि नर्सरीवाल्याने "ताई, हे कुठंही येतं" म्हणून दिलेली जास्वंद आमच्याकडे आली नाही. मुरुमात खड्डा घेऊन झाड लावायचं म्हणजे कुंडीत लावल्यासारखंच. मुळं कडेला जाऊन थडकतात.

मग मी माती विकत घेतली. ट्रॉलीवाला म्हणाला, "एक नंबर काळी हाय बघा." काळी होतीच. पहिला पाऊस झाला आणि त्या एक नंबर मातीतून लव्हाळा उगवला. लव्हाळा ज्याने उपटलाय त्यालाच ठाऊक. वरून पात उपटली की खाली गाठ राहते, गाठ काढावी तर तिला पुढे दुसरी गाठ. मी खुरपं घेऊन दिवसभर बसायचे आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे बघत उभा असायचा. त्या पावसाळ्यात मी त्या ट्रॉलीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आणि या सगळ्या काळात माझ्या तोंडी एकच पालुपद होतं, ते म्हणजे अंथुर्ण्याची माती. अंथुर्णे माझं माहेर. इंदापूर रस्त्याला लागून तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रान. त्या रानातल्या उसात लहानपणी शिरलं की हाक मारलेली ऐकू यायची नाही. कढीपत्ता मेला की मी म्हणायचे, अंथुर्ण्याला असता तर झाड झालं असतं. जास्वंद गेली की मी म्हणायचे, अंथुर्ण्याला कुंपणाला लावायचो आम्ही. हे एकदा वैतागून म्हणाले, "तुमच्या अंथुर्ण्यात छत्रीची दांडी रोवली तरी पालवी फुटत असेल." मी म्हटलं, "फुटेलच." आणि मला एकदम सुचलं की नुसतं बोलते कशाला? एक ट्रॉली माती तिथूनच आणावी. रान घरचं, ट्रॅक्टर घरचा, भाऊ घरचा.

माझा भाऊ माझ्याहून लहान. तात्या गेल्यापासून रान तोच बघतो. आई आधीच गेलेली, त्यामुळे माहेर म्हणजे तो, त्याची बायको आणि चुलीपुढचा तो पाट. बारामतीला ट्रॅक्टरच्या कामाला आला की माझ्याकडे चहाला थांबल्याशिवाय जायचा नाही. येताना गूळ, शेंगा, काही ना काही असायचंच. मी फोन लावला आणि सरळ म्हटलं, "मला आपल्या रानातली माती पाहिजे. एक ट्रॉली."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"ऐकलंस का? परसात टाकायला पाहिजे."

"बघतो अक्का," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर तो चहाला यायचा थांबला. राखीला फोन आला, "मोटर जळलीया, सोडून येता येत न्हाय." मी राखी पोस्टाने पाठवली. दिवाळीला तर कहरच झाला. भाऊबीजेला ये म्हणून बोलावणंच नाही. भाऊबीजेची साडी एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेल्या पिशवीतून आली. स्टँडवर जाऊन मी ती ड्रायव्हरच्या हातून घेतली. तो भला माणूस, "घ्या ताई, ओवाळणी" म्हणाला. साडी चांगली होती, माझ्या आवडीच्या रंगाची होती, आणि मला ती रस्त्यावर फेकून द्यावीशी वाटली. घरी येऊन मी लव्हाळ्याशी भांडत बसले.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. तात्यांच्या पश्चात सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली माझं नाव लागलेलं होतं. आमच्याकडे रीत अशी की बहिणी हक्कसोड करून देतात, भाऊ साडीचोळी करतो आणि बहिणीला माहेर राहतं. ज्या बहिणी सही देत नाहीत त्यांचं काय होतं ते मी नोकरीत गावोगाव बघितलेलं होतं. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी माहेराच्या दारातून परत गेलेली मी बघितली आहे. पण माझ्याकडे भावाने सही कधी मागितलीच नव्हती आणि मीही कधी विषय काढला नव्हता. तो विषय आमच्यात नव्हताच मुळी. आणि आता माती मागितल्यावर हा गप्प झाला. म्हणजे याला वाटलं की आज ट्रॉलीभर मागते, उद्या एकराने मागेल! या विचाराने मला इतका संताप यायचा की खुरप्याच्या दोन मुठी त्या काळात निखळल्या. आणि संताप उतरला की भीती वाटायची. वाटायचं, गेलं माहेर, आणि तेही मातीच्या पायी.

थंडीत निमगाव केतकीला एक लग्न होतं. पंगतीत माझ्या शेजारी आमची एक चुलती बसली. तिने बुंदीचा घास घेतला आणि इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी लागली. "पोरी, भावाला छळू नगंस. जमीन काय वर घिऊन जायची हाय का?"

"मी छळते?"

"आता माझ्यापशी कशाला लपवतीस? समदा गाव म्हणतुया, बहीण हिस्सा मागतीया, सही देत न्हाय म्हणून."

माझ्या ताटात सगळं तसंच राहिलं. मी हात धुतला, यांना पुरुषांच्या पंगतीतून उठवलं आणि म्हटलं, "गाडी काढा. अंथुर्ण्याला." बारामतीला परतायच्या वाटेवरच आहे अंथुर्णे. यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बुंदी अर्धी टाकून उठले. चांगल्या माणसाची हीच खूण असते. वाटेत मी एकच वाक्य बोलले, "आज त्याच्या तोंडावर सही फेकून येते."

भावजय अंगणात ज्वारी पाखडत होती. मला बघून सूप हातातच राहिलं. "वन्सं! आवो, फोन तरी करायचा."

"कुठं आहे तो?"

"खालच्या रानात. पर तितं नका जाऊ तुमी, मी बोलावते त्यास्नी."

नका जाऊ म्हटल्यावर मी थांबणार होते थोडीच! जरीची साडी खोचली आणि निघाले. कित्येक वर्षांत मी खालच्या रानात गेले नव्हते. भाऊबीजेला यायचं, घरात जेवायचं, पिशवी घेऊन परत जायचं. एकदोनदा मी रानात जाऊ म्हटलं तर तो म्हणाला होता, "काय बघायचंय, ऊसच तर हाय."

ऊस वरच्या अंगाला होता. खालच्या अंगाला काहीच नव्हतं. निम्मं रान उघडं पडलं होतं आणि त्यावर पांढरा थर होता. मला आधी वाटलं युरियाची पोती फुटली आहेत. मग लक्षात आलं की एवढा युरिया कुणाकडेच नसतो. मी वाकून ढेकूळ उचललं तर ते दगडासारखं लागलं. पुढे ओढ्याच्या बाजूला माझा भाऊ कमरेइतक्या चरात उभा राहून टिकाव घालत होता. मला बघितलं आणि टिकाव खाली ठेवला.

"हिस्सा मागितला म्हणं मी!" मी लांबूनच ओरडले. लग्नाला जाताना बारामतीकरीण होते मी, त्या रानात पाय टाकल्यावर माझी भाषा आपोआप बदलली. "समद्या गावात बोंब हाय! आरं, एक ट्रॉली माती मागितली तुझ्याकडं, तर हे पांग फेडलंस व्हय?"

तो चरातून वर आला. हात पुसले. "कंची माती देऊ अक्का?" त्याने त्या पांढऱ्या रानाकडे बोट केलं. "ही देऊ? पाणी पाजून पाजून खार वर आला, चोपण झालं समदं. तात्यांच्या वक्ताला जरा पांढरं दिसाया लागलं हुतं, आता निम्मं गेलं. खारं पाणी वड्यात काढून द्यायला ह्यो चर खांदतुया. तू तिकडं सांगत असतीस, आमच्या अंथुर्ण्याची माती, आमच्या अंथुर्ण्याची माती. दाजी मला फोनवर चेष्टेनं इचारत्यात, छत्रीला पालवी फुटली का. मी काय तोंडानं देऊ? राखीला आलो आसतो तर तू पुन्यांदा माती काढली आसतीस."

माझ्या हातात ढेकूळ तसंच होतं. मी ते टाकलं नाही. रागावून आलेल्या माणसाचा राग मधेच उतरला की त्याला कुठे बघावं ते कळत नाही, तसं माझं झालं.

"आणि हिश्श्याचं?" मी विचारलं. "ते कुणी उठवलं?"

भाऊ मान खाजवू लागला. लहानपणी दुधाची साय खाल्ली की असाच खाजवायचा. "त्ये मीच."

"तू?"

"प्लॉटिंगवाला येतुया अक्का. रस्त्याला लागून हाय, रान कामातनं गेलंय, कशापायी जीव जाळताय म्हणतुया. आठ दिस झालं की पुन्हा दारात. एक डाव मी टेकीला आलो हुतो. व्हय म्हणणारच हुतो. आन् तोंडातनं निघून गेलं, बहिणीचं नाव हाय, ती सही देत न्हाय. तवापासनं तेच सांगतुया. लई वाकडी हाय, कुणाचं ऐकत न्हाय, तिला हिस्सा पायजे."

"वाकडी?"

"आगं, सरळ हाय म्हणलं आसतं तर दुसऱ्या दिशी तुझ्याच दारात आलं आसतं त्ये!"

मागून हे आले होते, बूट हातात घेऊन. त्यांनी शेवटचं तेवढंच ऐकलं. म्हणाले, "वाकडी हे मात्र खरं आहे." आणि मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलं नाही. भाऊ घाबरला. म्हणाला, "अक्का, तुला राग आला आसंल तर मी गावात सांगतो समद्यांस्नी." मी म्हटलं, "खबरदार सांगशील तर." मग मी त्याला विचारलं, ते मला खरं तर कितीतरी वर्षं विचारायचं होतं. "माझं नाव का काढून घेतलं न्हाईस रं? मी दिली असती की सही."

"काढायचं कशापायी?" तो म्हणाला. "तुझं नाव आसल्यालं बरं. नसतं तर मी येकटा कवाच इकून मोकळा झालो आसतो."

आम्ही चुलीपुढे बसून भाकरी खाल्ली. भावजय म्हणाली, "वन्सं, रोज सांगत हुते मी ह्यास्नी, अक्कांना खरं सांगा म्हणून. पर भावाबहिणीचं दोघांचं बी डोस्कं येकाच गिरणीतलं."

त्यानंतर महिनाभरात आमच्या मागच्या दारी ट्रॉली आली. माती नव्हती, कारखान्याची मळी होती. उसाच्या रसाचा गाळ म्हणजे मळी. ती रानाला सोनं असते, पण नाकाला सोनं नसते. शेजारच्या भाभींनी खिडक्या लावून घेतल्या. त्यांच्या घरचं फळांचं दुकान, त्यांना वासाची सवय पक्व पेरूची. दोन दिवसांनी त्याच भाभी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "आपा, दोन बादल्या मिळतील का? आमच्या लिंबाला घालावी म्हणते." मी चार दिल्या. भावाने बरोबर एक पिशवीही आणली होती, धैंच्याच्या बियांची. मी विचारलं हे काय. तो म्हणाला, "चोपण रानात हेच पेरायचं, हिरवं असतानाच गाडायचं, माती मऊ पडती. मी बी पेरणार हाय. तुझा मुरूम आन् माझं चोपण, बघू कोण आधी सुधारतंय."

मळी कुजली, मुरुमात मिसळली. पावसाच्या तोंडाला आम्ही धैंचा पेरला आणि तो आला. हे मी साधं लिहिते आहे, पण दीड वर्षात त्या जागेत अळू सोडून काही येतंय हे आम्ही पहिल्यांदा बघत होतो. आधी बोटभर, मग गुडघ्याएवढा, मग यांच्या छातीएवढा. लव्हाळा त्याच्या सावलीत गुदमरून पिवळा पडला आणि मला ते बघून फार आनंद झाला. हे सकाळी चहाचा कप घेऊन त्या हिरव्यात शिरायचे ते पेपर येईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. त्यांनी त्याची चार चित्रं काढली. आणि भावाचा रोज फोन यायचा. "अक्का, फुलाच्या आत गाड. फुल धरलं की खोड जून हुतंय."

मी हे सांगितलं की यांचं तोंड पडायचं. "अगं, एवढं आलंय आणि कापायचं?"

"त्यासाठीच पेरलंय."

"निदान एक फूल तरी बघू."

मी विळा घेतला त्या दिवशी ते वाचनालयात निघून गेले. मी आणि माझी भावजय, मुद्दाम आली होती ती अंथुर्ण्याहून, दोघींनी मिळून सगळा धैंचा कापला, तुकडे केले, कुदळीने मातीत घातला. कोपऱ्यातली चार झाडं तिने सोडली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दाजींना." त्या चार झाडांना पिवळी फुलं आली आणि ती आमच्या घरात वॉटरकलरमध्ये लटकलेली आहेत.

माती मऊ व्हायला तो पावसाळा गेला. मग कढीपत्ता लावला, तो जगला. भाभींनी पुदिना दिला. शेवगा लावला, सीताफळ लावलं, मोगरा पुन्हा लावला. वाटेच्या कडेने झेंडू. कोपऱ्यात वांगी चार ओळी, आणि ती मी स्वतः तोडून स्वतः भरली, यांना वाढली, आणि ताटाशी बसून जेवताना बघत राहिले. यांनी चित्रातला बाक आणला, लोखंडी, हिरवा रंग दिलेला. पाठमोरी बसायला मला वेळ मिळत नाही, पण दुपारी शेंगा सोलायला बरा पडतो.

त्या बाकावरच तो येऊन बसला, प्लॉटिंगवाला. शेवटी कुठून तरी पत्ता काढलाच त्याने. पांढरे कपडे, हातात दोन मोबाईल. बोलायला गोड. चहा घेतला, वांग्यांचं कौतुक केलं. म्हणाला, "ताई, तुमच्या भावाचा जीव मेटाकुटीला आलाय हो. रान खारं पडलंय. तुम्ही सही दिली तर तोही सुटेल, तुम्हालाही तुमचं मिळेल. भावाबहिणीत वाकडं कशाला?"

मी मनात म्हटलं, आता बघ. नोकरीत मी लस चुकवणाऱ्या अख्ख्या वस्त्या सरळ केलेल्या आहेत. मी पदर खोचला आणि सुरू केलं. भावाने मला फसवलंय म्हटलं. साडी एसटीतून पाठवतो म्हटलं, आणि हे खरंच होतं त्यामुळे आवाज चांगला लागला. कोर्टात जाईन म्हटलं, पण ढेकूळ विकू देणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत होते. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

तो माणूसही कच्चा नव्हता. त्याने माझ्या परसाकडे हात केला. "ताई, रागावू नका. पण तुम्ही बसलाय हेही कुणाचं तरी रानच होतं की. कुणीतरी विकलं म्हणून तुमचं घर झालं. मग तुमच्याच रानाचं एवढं काय?"

हे मला अपेक्षित नव्हतं. मी शेवग्याकडे बघितलं. या जागेत आधी कुणाचा ऊस होता, कुणाच्या बहिणीने सही दिली, कशी दिली, मी कधी विचारलं नव्हतं. नाटकातलं पुढचं वाक्य आठवेना. तोंडाला आलं ते बोलले.

"ती जमीन माझी आहे," मी म्हटलं. "माझ्या बापाची, माझ्या भावाची आणि माझी. मला ती विकायची नाही."

हे मी ओरडून म्हटलं नाही. आवाज उलट खाली गेला होता. तात्यांसमोर मी असं कधी म्हटलं नव्हतं, भावासमोर नाही, यांच्यासमोरही नाही. माहेरची, तिकडची, तात्यांची, त्याची, असंच म्हणत आले जन्मभर. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, दोन्ही मोबाईल खिशात घातले आणि चपला घालून पुढच्या दाराने निघून गेला.

मी भावाला फोन लावला. "आला होता तुझा माणूस. हाकलला."

"काय म्हणलीस त्याला?"

आधी मी त्याला कोर्टाचं सांगितलं, एसटीतल्या साडीचं सांगितलं, तो खदाखदा हसला. मग मी म्हटलं, "आणि म्हटलं, माझी जमीन हाय ती."

पलीकडे आवाज बंद झाला. मागे माती मागितली होती तेव्हा झाला होता तसाच. वाटलं, बोलू नये ते बोलून बसले.

"मग," तो म्हणाला, "तुझी हाय तर येत जा की रानात. चर निम्म्यात आलाय. मी येकट्यानं किती खांदू?"